नखाच्या वेगाने सरकणारी जमीन मिनिटभरात शहर कशी पाडते?

या वेळच्या पत्रांमध्ये भूकंप आणि ज्वालामुखीवरचे प्रश्न एवढे आलेत की सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. काही प्रश्न एकाच वळणाचे होते म्हणून एकत्र केलेत, त्यामुळे आपलं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तर रागावू नका, उत्तर कुठेतरी आत सापडेल.

प्रश्न : पुस्तकात लिहिलंय की प्लेट्स, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या टणक थराचे मोठाले तुकडे, वर्षाला चार-पाच सेंटीमीटर सरकतात, म्हणजे आपली नखं वाढतात साधारण तेवढंच. मग इतक्या हळू सरकणाऱ्या गोष्टीमुळे मिनिटभरात इमारती कशा पडतात? एवढा जोर येतो कुठून? (नववीतला एक वाचक)

फार चांगलं पकडलंस. बरीच मोठी माणसंसुद्धा "प्लेट्स हलतात म्हणून भूकंप होतो" एवढ्यावर समाधान मानतात, पण प्लेट्स तर रोज हलतायत, तू हे वाचत असतानाही हलतायत, मग रोज चोवीस तास भूकंप का नाही? कारण भूकंप व्हायला प्लेट्सनी कुठेतरी अडकून बसावं लागतं.

एक प्रयोग कर. एक वीट घे, खाली सँडपेपर किंवा खरखरीत फळी ठेव, विटेला सुतळी बांध आणि सुतळीच्या टोकाला जाड रबरबँड अडकव. आता रबरबँडचं दुसरं टोक धरून अगदी हळू, सारख्या वेगाने ओढत रहा. वीट हलणारच नाही. रबर ताणत जाईल, ताणत जाईल, तुला वाटेल आता तुटतं की काय, आणि मग एकदम खर्रकन वीट पुढे उडी मारून थांबेल. तू ओढत होतास हळूच, पण मधल्या सगळ्या वेळात तुझ्या हाताची मेहनत रबरात साठत होती आणि ती एका क्षणात बाहेर पडली.

जमिनीत रबराचं काम खडकच करतात. खडक वाकतो हे पटायला जड जातं मला माहितीय, पण शेकडो किलोमीटरचा खडक काही मीटर नक्की वाकतो. दोन प्लेट्स एकमेकींना घासून जातात तिथे जी फट असते, म्हणजे फॉल्ट, तिथे दोन्हीकडचा खडक प्रचंड दाबाखाली एकमेकांत घट्ट रुतलेला असतो. लांबवरची प्लेट तिच्या वेगाने चाललेली असते, पण फॉल्टजवळचा भाग जागचा हलत नाही, मग मधली जमीन तिरकी होत जाते, पन्नास वर्षं, शंभर वर्षं, कधी पाचशे वर्षं. वर्षाला पाच सेंटीमीटर म्हणजे शंभर वर्षांत पाच मीटर उधारी झाली की. ती सगळी एकाच दिवशी वसूल होते.

हे ज्याने नीट मांडलं तो हॅरी फील्डिंग रीड नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला, सॅन अँड्रियास फॉल्ट साडेचारशे किलोमीटरहून जास्त लांबीवर सरकला. शेतांची सरळ बांधलेली कुंपणं फॉल्टवर तुटून दोन तुकडे झाली होती, एका ठिकाणी तर तुकड्यांमध्ये अडीच मीटरच्या आसपास अंतर पडलं होतं. रीडने भूकंपाआधीच्या कित्येक दशकांच्या जमीनमोजणीचे आकडे काढून बघितले तेव्हा लक्षात आलं की फॉल्टपासून लांब असलेली ठिकाणं भूकंपाच्या आधीपासूनच हळूहळू सरकत होती. म्हणजे भूकंपाने लांबची जमीन हलवली नव्हती, फॉल्टजवळ मागे राहिलेल्या जमिनीने आपला बॅकलॉग भरून काढला होता. हे त्याने १९१० मध्ये छापलं, आणि गंमत म्हणजे तेव्हा प्लेट्सची कल्पनाच नव्हती, ती सगळी थिअरी उभी राहायला १९६० चं दशक उजाडलं. मला हे काम फार आवडतं, कुंपणं आणि मोजणीच्या वह्या एवढ्यावर माणूस कुठे पोचला बघ.

आणि उलटा पुरावा पण आहे. त्याच कॅलिफोर्नियात हॉलिस्टर नावाचं गाव आहे, तिथे फॉल्ट अडकलेला नाही, तो आरामात घसरत राहतो. तिथल्या काही रस्त्यांवर फुटपाथची सिमेंटची कड चालता चालता मध्येच वाकडी होते, आधी सरळ रेष, मग एक बाक, मग परत सरळ. घरांच्या भिंती हळूहळू पीळ खातात. पण या घसरण्याचा कुणाला धक्का जाणवत नाही, कारण तिथे ताण फारसा साठतच नाही.

प्रश्न : २००४ ची त्सुनामी ज्या भूकंपाने आली तो पण असाच अडकलेला फॉल्ट होता का? आणि पाणी का उसळलं? (एक निवृत्त शिक्षिका)

हो बाई, असाच, फक्त उभा नाही तर आडवा पडलेला. तिथे समुद्राखालची भारतीय प्लेट सुमात्रा-अंदमानच्या बाजूच्या प्लेटखाली तिरकी घुसते, याला सबडक्शन म्हणतात. खाली जाणारी प्लेट वरच्या प्लेटची कड आपल्याबरोबर खाली ओढत नेते, कारण दोघी अडकलेल्या असतात. वरच्या प्लेटची कड खाली दबते आणि मागचा भाग फुगून वर येतो. हे शतकानुशतकं चालतं. २६ डिसेंबर २००४ ला हे कुलूप सुटलं, ९.१ मॅग्निट्यूड, आणि तुटण्याची लाट सुमारे १३०० किलोमीटर धावत गेली, आठ-दहा मिनिटं नुसतं फाटणंच चालू होतं. दबलेली कड उसळून वर आली, फुगलेला मागचा भाग खाली बसला. कडेच्या वर जो काही किलोमीटर खोल समुद्र उभा होता तो सगळाच्या सगळा उचलला गेला, तीच त्सुनामी. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली.

हे वर-खाली होणं डोळ्यांनी दिसतं हो. ग्रेट निकोबारच्या टोकाला इंदिरा पॉइंटचं दीपगृह आहे, ते जमिनीवर बांधलेलं, पण त्या दिवशी तिथली जमीन चार मीटरहून जास्त खाली बसली आणि दीपगृहाच्या पायाशी समुद्र आला. आणि त्याच भूकंपात उत्तर अंदमानच्या किनाऱ्यावर उलटं झालं, पाण्याखाली वाढलेली प्रवाळं मीटरभर वर येऊन उघडी पडली आणि उन्हात मेली. एकच भूकंप, एका बेटाला वर ढकलतो आणि दुसऱ्याला बुडवतो, फॉल्टपासून कोण किती लांब त्यावर ठरतं.

प्रश्न : प्लेट्स खालच्या लाव्हाच्या समुद्रावर तरंगतात ना?

नाही! हा गैरसमज चित्रांमुळे झालाय, प्रत्येक चित्रात कवचाखाली लालभडक रस्सा दाखवतात. कवचाखालचं प्रावरण म्हणजे मँटल जवळजवळ पूर्ण घन खडक आहे, जवळजवळ २९०० किलोमीटर खोलीपर्यंत. कळलं कसं, तर भूकंपाच्या लाटांमधल्या एस लाटा पातळ पदार्थातून जाऊच शकत नाहीत आणि मँटलमधून त्या मजेत जातात, त्याच्याखालच्या बाह्य गाभ्यात मात्र अडतात, कारण तिथे खरंच वितळलेलं लोखंड आहे.

मग घन खडकावर प्लेट सरकते कशी? हिमनदी आठवा. बर्फ घन असतो, हातोडा मारला तर फुटतो, पण तीच हिमनदी डोंगरावरून वर्षानुवर्षं वाहत असते. मँटलच्या वरच्या भागात शंभर-एक किलोमीटरखाली खडक इतका तापलेला आहे की तो घन असूनही असा वाहतो. आणि प्लेटला ओढतं कोण तर बऱ्याच अंशी ती स्वतःच, समुद्राखालची जुनी प्लेट थंड होऊन जड होते, सबडक्शनला तिची कड खाली बुडते आणि बाकीची प्लेट तिच्यामागून खेचली जाते, टेबलावरून अर्धी लोंबणारी जड चादर घसरते तशी.

प्रश्न : खाली सगळं घन आहे तर ज्वालामुखीतून येणारा लाव्हा येतो कुठून? (वरच्यासारखेच अजून तीन-चार प्रश्न होते, हा सगळ्यात थेट)

इथे मला जरा वेळ द्या, कारण हा भाग शाळेत नेहमी राहून जातो. आपल्याला वाटतं काहीतरी वितळवायचं तर तापवायला हवं. पण पृथ्वीच्या पोटात बहुतेक मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, जास्त न तापवताच तयार होतो!

मँटलचा खडक आधीच भयंकर गरम आहे, तेराशे डिग्रीच्या आसपास, इथे आपल्या हवेच्या दाबात ठेवला तर वितळायलाच लागेल. तिथे तो घन राहिलाय कारण वरून दाब एवढा आहे की त्याला पसरायला जागा नाही. म्हणजे वितळवायचे दोन रस्ते राहतात, एक तर दाब कमी करा, नाहीतर त्याचं वितळण्याचं टेम्परेचरच खाली आणा.

दाब कमी होतो तो प्लेट्स एकमेकींपासून लांब जातात तिथे. वर जागा झाली की खालचा गरम खडक वर यायला लागतो, वर येताना त्याच्यावरचा दाब उतरतो आणि त्यातला थोडा अंश आपोआप वितळतो. महासागरांच्या तळाशी अशा रांगा आहेत, सगळ्या मिळून साठ हजार किलोमीटरहून लांब, आणि पृथ्वीवरचा बहुतेक मॅग्मा तिथेच बाहेर येतो, आपल्याला दिसत नाही कारण वर दोन-अडीच किलोमीटर पाणी. आइसलँडमध्ये ही रांग समुद्रातून डोकं वर काढते. आफ्रिकेत अफार भागात तर एक खंडच फाटताना दिसतोय, सप्टेंबर २००५ मध्ये तिथे साठ किलोमीटर लांबीवर जमीन उकलली आणि काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत रुंदावली, ते पण काही दिवसांत, खालून फटीत मॅग्मा घुसला म्हणून.

दुसरा रस्ता पाण्याचा. समुद्राखालची प्लेट करोडो वर्षं पाण्यात भिजलेली असते, तिच्या खनिजांच्या आत पाणी बांधलं गेलेलं असतं. ती सबडक्शनमध्ये शंभर-एक किलोमीटर खाली गेली की दाबाने आणि उष्णतेने ती खनिजं फुटतात आणि पाणी सुटून वरच्या गरम मँटलमध्ये शिरतं. आता पाण्याने आग विझते हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण इथे पाण्यामुळे खडकाचं वितळण्याचं टेम्परेचर कित्येकशे डिग्रीने उतरतं. काच बनवणारे हेच करतात बघा, नुसती वाळू वितळवायला सतराशे डिग्री लागतात, त्यात सोडा घातला की ती खूपच कमी टेम्परेचरला वितळते. जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, अँडीज, सगळ्या पॅसिफिकच्या कडेने जी ज्वालामुखींची माळ आहे तिच्यामागे हे पाणी आहे. अंदमानातला आपला ज्वालामुखी, बॅरन आयलंड, तो पण असाच पाण्यामुळे, २००४ चा भूकंप करणारी तीच प्लेट त्याच्याखाली जाते.

हे पाणीच पुढे घात करतं. सबडक्शनचा मॅग्मा चिकट असतो, त्यात विरघळलेली वाफ आणि गॅस भरपूर, वर येताना दाब उतरला की गॅसचे फुगे व्हायला लागतात आणि चिकट मॅग्म्यातून त्यांना निसटता येत नाही. मग स्फोट. हवाईचा लाव्हा पातळ, गॅस सुटत राहतो म्हणून तो बहुतेक वेळा नुसता वाहतो, आणि १९९१ चा फिलिपिन्समधला पिनाटुबो मात्र एवढी राख आणि गंधकाचे गॅस वर फेकतो की पुढचं वर्ष-दोन वर्षं सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या डिग्रीच्या आसपास उतरतं.

प्रश्न : हिमालयात एवढे मोठे भूकंप होतात, मग तिथे ज्वालामुखी का नाहीत? (ट्रेकिंग करणारी एक वाचक)

आधीचं उत्तर वाचलंत तर तुम्हीच सांगाल, भिजलेली प्लेट खाली जात नाही म्हणून. हिमालयाच्या जागी आधी टेथिस समुद्र होता, त्याचा तळ आशियाखाली जात होता, तेव्हा तिथे ज्वालामुखी होतेच, लडाखला गेलात तर लेहच्या मागचे ते फिकट करडे ग्रॅनाइटचे डोंगर बघा, ज्वालामुखींच्या खाली साठलेला मॅग्मा तिथेच थंड होऊन गोठला त्याचे ते डोंगर आहेत. मग सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्र संपला आणि भारताचा भूखंडच येऊन धडकला. खंडाचा खडक हलका, तो खोल बुडायला तयार नाही, दोन्हीकडचं एकावर एक चढून नुसतं जाड होत गेलं, तिबेटखाली कवच सत्तर किलोमीटर जाड आहे. पाण्याचा पुरवठा बंद म्हणून ज्वालामुखी बंद. अडकणं मात्र चालूच आहे, वर्षाला जवळपास दोन सेंटीमीटर हिमालयाखाली जमा होतात. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा झाला त्यात नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि तरी त्यात फॉल्ट वरच्या कडेपर्यंत फाटलाच नाही, तिथला ताण अजून शिल्लक आहे. हे वाक्य लिहिताना बरं वाटत नाही पण लपवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : किल्लारी तर कुठल्याच प्लेटच्या कडेला नाही. आणि हवाई पण पॅसिफिक प्लेटच्या मधोमध आहे. मग तुमचं सगळं थिअरी कुठे गेलं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत या. प्लेट कडेला ढकलली जाते तेव्हा तो दाब आतपर्यंत पोचतो, आणि आत कुठेतरी जुनी, कधीकाळची बुजलेली भेग असली की ती तिथे सरकते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला ६.२ चाच भूकंप होता, पण खोली कमी, दगडमातीची जड घरं आणि माणसं झोपेत, दहा हजारांच्या आसपास बळी गेले. अमेरिकेच्या मध्यभागी न्यू माद्रिदला १८११-१२ मध्ये असेच मोठे भूकंप झालेत. कडेपासून लांब म्हणजे भूकंप क्वचित, होणारच नाही असं नाही.

हवाईचं मात्र निराळं. तिथे मँटलमध्ये खोलवरून गरम खडकाचा एक झोत वर येतो, हॉट स्पॉट, तो साधारण जागेवर राहतो आणि प्लेट त्याच्यावरून सरकत जाते. म्हणून बेटांची माळ तयार झाली, वायव्येकडचं कवाई पन्नास लाख वर्षं जुनं आणि आग्नेयेचं मोठं बेट दहा लाखांच्या आतलं. ही कल्पना टुझो विल्सनने १९६३ मध्ये मांडली. आणि सह्याद्रीचे ते एकावर एक काळ्या दगडाचे थर, ते पण अशाच झोतातून आले असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भारत त्यावरून जात होता तेव्हा. तो झोत आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून पेटतो.

प्रश्न : भूकंपामुळे ज्वालामुखी पेटतो का?

कधी कधी, पण ज्वालामुखी आधीच तयारीत असेल तरच. २२ मे १९६० ला चिलीत ९.५ चा झाला, मोजलेल्यातला सगळ्यात मोठा, आणि ३८ तासांनी तिथला कोर्दोन काउये ज्वालामुखी पेटला. १८ मे १९८० ला अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या खाली ५ च्या आसपासचा साधा भूकंप झाला, पण त्या डोंगराची उत्तरेची बाजू आतल्या मॅग्म्याने आधीच रोज दीड-दोन मीटर फुगत होती, ती धक्क्याने घसरून कोसळली आणि झाकण उडाल्यासारखा आतला दाब बाजूने बाहेर आला. ५७ माणसं गेली.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर मेसेज येतो की छोटे छोटे धक्के बसतायत ते चांगलंय, एनर्जी निघून जाते, मोठा येणार नाही. खरं का? आणि पुढचा कधी येणार हे सांगता येईल का? (असे प्रश्न सगळ्यात जास्त)

पहिल्याचं उत्तर नाही, आणि कृपया असे मेसेज पुढे पाठवू नका, लोक त्यावर विसंबून राहतात. हिशोब करा. मॅग्निट्यूड एकने वाढलं की एनर्जी साधारण ३२ पट, दोनने वाढलं की हजारपट. म्हणजे ८ च्या एका भूकंपाची एनर्जी काढायला ६ चे हजार लागतील किंवा ४ चे दहा लाख. अख्ख्या जगात ४ ते ५ च्या मधले वर्षाला दहा-पंधरा हजार होतात. कुठे जुळतंय?

दुसऱ्याचं उत्तर, दिवस आणि वेळ कुणीच सांगू शकत नाही. कुठे होऊ शकतो, तिथे किती ताण साठलाय, पुढच्या काही दशकांत शक्यता किती, हे जीपीएसवरून बऱ्यापैकी सांगतात. ज्वालामुखीचं त्या मानाने बरं, मॅग्मा वर येताना डोंगर फुगतो, बारीक धक्के बसतात, गॅस बदलतो, पिनाटुबोच्या वेळी त्यावरूनच हजारो लोकांना आधी हलवता आलं. पण फॉल्टचं तसं नाही. कॅलिफोर्नियात पार्कफील्ड म्हणून ठिकाण आहे, तिथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६ असे जवळपास सारखेच भूकंप झालेले, सरासरी २२ वर्षांनी. शास्त्रज्ञांनी सांगितलं पुढचा १९९३ च्या आत येईल, जमिनीत जागोजागी यंत्रं पुरून वाट बघत बसले. आला २००४ मध्ये, आणि येण्याआधी त्या यंत्रांना ठळक असं काहीच दिसलं नाही.

असं का, ते त्या विटेला विचारा. हे उत्तर लिहिण्याआधी मी तो प्रयोग परत करून बघितला, तीच वीट, तोच कागद, तोच रबर, हात शक्य तितका सारखा ठेवून. पहिली उडी चार सेंटीमीटर, मग सात, मग दोन, मग परत दोन, मग एकदम अकरा. नववीतल्या त्या वाचकाला सांगायचंय की तूही वहीत पन्नास उड्या लिही, रबर किती ताणला होता आणि वीट किती गेली दोन्ही, आणि एक्कावन्नावी किती असेल ते आधी लिहून ठेवून मग ओढ. आकडे मला पाठव, पुढच्या अंकात छापू.